पुसा : एका जमिनीचे धनी

दिल्लीत करोल बागेलगत जो रुंद रस्ता आहे त्याला पुसा रोड म्हणतात. तेथून पुढे पसरलेल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेला उत्तर भारतातला शेतकरी पुसा या दोन अक्षरांनीच ओळखतो. बासमतीच्या पोत्यांवर, भाजीच्या बियाण्यांच्या पाकिटांवर हेच नाव छापलेले असते. ते कोठून आले, याविषयी एक चटकदार हकीकत सांगण्यात येते. फिप्स नावाच्या एका अमेरिकन धनिकाने या संस्थेला मोठी देणगी दिली. त्याच्या आडनावाचे पहिले अक्षर घेऊन त्याला त्याच्या देशाची तीन इंग्रजी आद्याक्षरे जोडली, आणि झाले पुसा! हकीकत मोठी सुबक आहे. मात्र ती खरी नाही. हेन्री फिप्स १८३९ साली जन्मला, आणि पुसा हे नाव कंपनी सरकारच्या दप्तरात १७९६ पासून नोंदलेले आहे. पुसा हे बिहारमधील एक खेडे. मूळ खेडे मागे राहिले आणि त्याचे नाव तेवढे राजधानीला गेले. ज्या जमिनीवरून ते गेले तिने कंपनीचे घोडे पाहिले, गोऱ्या व्यापाऱ्यांचा तंबाखूचा मळा पाहिला, प्रयोगशाळेचा मनोरा पाहिला आणि भूकंपही पाहिला.

गंगेच्या उत्तरेला तिरहुत नावाचा जो सुपीक मुलूख आहे, त्यातून बुढी गंडक नदी वळणे घेत वाहते. तिच्या एका वळणाशी पुसा वसले आहे. आज हा भाग समस्तीपूर जिल्ह्यात मोडतो. पूर्वी तो दरभंगा जिल्ह्यात होता. जमीन गाळाची, चुनखडीचा अंश पुष्कळ असलेली. गावाभोवतीच्या मातीत सोरा फुलून येतो. लोणिया जातीचे लोक ही माती धुऊन सोरा काढीत आणि तो बंदुकीच्या दारूसाठी कलकत्त्यामार्गे विलायतेला जाई. अशा मातीत तंबाखू जोमाने वाढतो. या टापूतील सरैसा परगण्याच्या तंबाखूची ख्याती कोणताही साहेब तेथे येण्यापूर्वीपासूनची होती.

परंतु कंपनीला तेथे प्रथम तंबाखू नको होता, घोडे हवे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीची फौज वाढत होती आणि तिची गाठ म्हैसूरच्या व मराठ्यांच्या घोडदळाशी पडत होती. मराठ्यांना भीमा-नीरेच्या खोऱ्यातली काटक भीमथडी तट्टे घरच्या घरी मिळत. बंगालच्या दमट हवेत मात्र लष्करी कामाचा घोडा निपजत नसे. म्हणून कंपनीने १७९६ साली पुसा आणि लगतची जमीन कायमच्या पट्ट्याने घेऊन तेथे घोडपैदाशीचे ठाणे वसविले. जमिनीचे मूळ मालक दप्तरात नावापुरते राहिले आणि तिच्यावर हुकूम चालू लागला तो कलकत्त्याचा. पुढल्या काळात या जमिनीचे उपयोग बदलले, भोगवटादार बदलले, कारभारी तर पुष्कळ आले आणि गेले. परंतु सरकारच्या हाती गेलेली ही जमीन गावाच्या हाती पुन्हा आली नाही.

या ठाण्यावर १८०८ साली एक विलक्षण माणूस आला. विल्यम मूरक्रॉफ्ट हा मूळचा लँकेशायरचा. फ्रान्समध्ये लियॉन येथे जाऊन रीतसर पशुवैद्यक शिकलेला हा पहिला इंग्रज. त्याने पुसा येथे घोड्यांच्या चाऱ्यासाठी ओटची लागवड केली, गोठ्यांची व्यवस्था सुधारली आणि लवकरच तो या निष्कर्षावर आला, की बंगालातील घोड्याची अवलाद सुधारायची तर मध्य आशियातून वळू आणले पाहिजेत. एरव्ही एखाद्या अधिकाऱ्याने असा अहवाल लिहून वर पाठविला असता आणि तो स्वस्थ बसला असता. मूरक्रॉफ्ट स्वतःच निघाला. १८१२ साली गोसाव्याचा वेष करून, हिअरसे नावाच्या सोबत्यासह त्याने हिमालय ओलांडला आणि तो मानससरोवरापर्यंत जाऊन पोहोचला. परत येताना गुरख्यांनी त्याला काही काळ अडकवून ठेवले. बुखाऱ्याकडची वाट पाहून येण्यासाठी त्याने त्याच वर्षी मीर इज्जतुल्ला या विश्वासू मुनशीला पाठविले होते. १८१९ साली तो पुन्हा निघाला. लडाख, काश्मीर, काबूल करीत १८२५ मध्ये बुखाऱ्याला पोहोचला, आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर अफगाण सरहद्दीजवळ अंदखुई येथे तापाने मरण पावला. भूगोलाच्या ग्रंथांत त्याचे नाव आदराने येते. त्याने ज्यांच्यासाठी एवढी पायपीट केली ते घोडे मात्र पुशाला कधी आले नाहीत. दप्तराची शिस्त मोडून स्वतःच्या कामात बुडून जाणाऱ्या माणसाचे सरकारी नोकरीत जे होते तेच त्याचे झाले. हयातीत कानउघाडणी वाट्याला आली आणि कौतुक झाले ते मरणानंतर.

घोडपैदास पुढे पन्नासेक वर्षे रेंगाळत चालली. खर्च फार, घोडे थोडे, असा तिचा हिशेब होता. अखेर १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारने ते काम बंद केले. तबेले रिकामे झाले आणि शेकडो एकर उत्तम जमीन मोकळी पडली. तिचे करायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळच्या हवेतच होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाची आणि तंबाखूची नेहमीची आवक विस्कळीत झाल्याचे विलायतेतील व्यापाऱ्यांनी नुकतेच अनुभवले होते. कापसासाठी वऱ्हाड-खानदेशाकडे जसे त्यांचे लक्ष वळले, तसेच तंबाखूसाठी बिहारकडे वळले. लॉर्ड मेयो याने १८७१ साली शेतकीचे स्वतंत्र खाते काढले. ओकॉनर नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील तंबाखूविषयी एक विस्तृत अहवाल १८७३ साली सिद्ध केला. अशा अहवालांचा सूर साधारण असा असे, की या देशात तंबाखू विपुल पिकतो, परंतु येथला शेतकरी तो नीट मुरवीत नाही. तेवढे शिकविले, की हिंदी तंबाखू व्हर्जिनियाच्या मालाशी टक्कर देईल. सरकारने १८७५ साली पुशाला एक नमुनेदार शेत काढून पाहिले. ते जमले नाही. मग १८७७ साली ही जमीन कलकत्त्याच्या बेग डनलॉप या कंपनीला तंबाखूच्या लागवडीसाठी पट्ट्याने देण्यात आली. जेथे मूरक्रॉफ्टचे ओट डोलत होते तेथे आता गोऱ्या कंपनीचा तंबाखूचा मळा उभा राहिला.

येथे तंबाखूविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. हे पीक मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्या किनाऱ्याला लागले. मोगल दरबारात ते पोहोचले ते आपल्या दक्षिणेतूनच. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तेथून परतताना त्याने तंबाखू व रत्नजडित हुक्का बादशहाला नजर केला, ही १६०४-०५ च्या सुमाराची गोष्ट. हकिमांनी नाके मुरडली. जहांगीराने तर १६१७ साली बंदीही घातली. परंतु तोवर हे व्यसन रयतेच्या अंगवळणी पडले होते. पुढच्या दोन-अडीच शतकांत तिरहुतच्या शेतकऱ्याने या परदेशी झाडाला पुरते आपलेसे केले. गावाला अगदी लगटून असलेली, शेणाने, राखेने आणि गुराढोरांच्या वावराने कसदार झालेली जमीन तो या पिकाला राखून ठेवी. पावसाळ्यात रोपे, पाऊस सरता लावणी, मग शेंडे खुडणे, बगलफूट काढणे आणि थंडी ओसरता तोडणी. एकेका झाडाला माणसाचा हात कितीतरी वेळा लागतो. पाने शेतातच उन्हात सुकवायची, मग ढीग रचून त्यांना आतून ऊब आणायची, ढीग वरखाली करायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेचा कोरडा वारा सुटला, की सुकलेले पान हात लावताच चुरा होते. म्हणून ही हलवाहलव पहाटे, दव पडून पान मऊ झालेले असताना करायची. हे शास्त्र कोणत्याही अहवालात आलेले नव्हते. ते घरच्या म्हातारीला ठाऊक होते.

असा तयार झालेला माल कडक, काळपट आणि उग्र होई. हुक्क्यासाठी आणि चुन्याबरोबर मळून खाण्याच्या खैनीसाठी तो तसाच हवा असे. लंडनच्या बाजाराला मात्र पिवळसर, सौम्य, सुगंधी पान हवे होते. व्हर्जिनियात असे पान बंद कोठारात काठ्यांवर टांगून, उष्णता आणि ओलावा सांभाळीत मुरवितात. बेग डनलॉप कंपनीने पुसा येथे, आणि गंगाकाठी गाजीपूर येथेही, या अमेरिकन पद्धतीने पाने मुरविण्याचा खटाटोप केला. भांडवल होते, कोठारे होती, सरकारची कृपादृष्टी होती. कंपनीने वीस वर्षे हा उद्योग केला. अखेर १८९७ साली जमीन सरकारला परत करून तिने अंग काढून घेतले. पुशाच्या तंबाखूला विलायतेत व्हर्जिनियाची जागा घेता आली नाही.

हे अपयश कोणाचे? त्या काळचे लेखक हिंदी मजुराच्या आळसाला किंवा हवामानाला दोष देऊन मोकळे होत. हवामानाचा दोष काही अंशी होताच; ज्या दिवसांत पानाला ओलावा हवा असतो नेमक्या त्याच दिवसांत तिरहुतची हवा कोरडी ठणठणीत असते. परंतु खरी गोष्ट अशी, की कंपनीने चुकीच्या गिऱ्हाइकासाठी पीक घेतले. मळ्याच्या कुंपणापलीकडे तोच तंबाखू लहान लहान तुकड्यांत पिकत होता, आणि वीस वर्षांत त्या शेतकऱ्यांवर तो सोडण्याची पाळी आली नाही. त्याचे गिऱ्हाईक पाटणा, नेपाळ आणि बंगालच्या बाजारात होते. त्यात हुक्का ओढणारे होते आणि खैनी मळणारेही. त्याच्याकडे कोठार नव्हते, पण घरची माणसे होती. पिकाला चाळीस वेळा हात लावायचा असेल तर मजुरीच्या हातापेक्षा घरचा हात स्वस्त आणि सावध असतो. उसाच्या किंवा चहाच्या मळ्याला जे साधते ते येथल्या तंबाखूच्या मळ्याला साधत नाही.

ज्या १८९७ साली कंपनीने पुसा सोडले, त्याच साली जर्मनीतील एका रासायनिक कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि तिरहुतच्या साऱ्या निळीच्या साहेबांचे धाबे दणाणले. एका बाजूला तंबाखू फसलेला आणि दुसऱ्या बाजूला नीळ बुडण्याच्या बेतात. त्यातच १८९९-१९०० चा छपन्नाचा दुष्काळ येऊन गेला. शेतकीला शास्त्राची जोड दिल्याशिवाय गत्यंतर नाही, ही जाणीव सरकारला झाली ती अशी चारी बाजूंनी. १९०१ साली शेतकीचा पहिला महानिरीक्षक नेमण्यात आला. तो जेम्स मॉलिसन, आपल्या मुंबई इलाख्यात शेतकीचे काम करून नावारूपाला आलेला. संशोधनाची मध्यवर्ती संस्था काढायचे ठरले. जागा रिकामी होतीच. सुमारे १३०० एकर, पुन्हा सरकारी.

पैशाचा प्रश्न हेन्री फिप्सने सोडविला. चांभाराचा हा मुलगा कार्नेगीच्या पोलाद कारखान्याचा भागीदार होऊन कोट्यधीश झाला होता. लॉर्ड कर्झनची पत्नी अमेरिकन. तिच्या ओळखीने फिप्स हिंदुस्थानात पाहुणा म्हणून आला आणि त्याने एकंदर तीस हजार पौंड दिले. त्यातील काही रक्कम दक्षिणेत कुन्नूर येथील पाश्चर संस्थेकडे गेली. कर्झनने १ एप्रिल १९०५ रोजी पुशाला कोनशिला बसविली. फिप्स प्रयोगशाळेची भव्य इमारत उभी राहिली. तिला नऊ लाख लागले म्हणून लोक तिला नौलखा म्हणू लागले. गावकऱ्याने राजवाड्याला द्यावे तसे हे नाव दिले, यातच त्या इमारतीचे आणि गावाचे नाते किती दूरचे होते ते दिसते.

या वैज्ञानिक वस्तीच्या उंबरठ्यावर एक वेगळाच इतिहासही घडून गेला. मुजफ्फरपूरला बाँब टाकल्यानंतर खुदीराम बोस रात्रभर चालत १ मे १९०८ रोजी पुशाजवळच्या वैनी स्टेशनापाशी पोहोचला आणि तेथेच पकडला गेला. आज त्या स्टेशनाचे नाव खुदीराम बोस पुसा असे आहे. याच बाँबप्रकरणावर केसरीत लिहिलेल्या अग्रलेखांसाठी त्या वर्षी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले.

पुशाच्या प्रयोगशाळेतील कामाची यादी लांबलचक आहे. बटलरने पिकांवरील बुरशीरोगांचा पाया येथे घातला, लेफ्रॉयने हिंदी कीटकांचा मोठा ग्रंथ येथून लिहिला. परंतु या जमिनीच्या कथेत खरे स्थान आहे ते हॉवर्ड पतिपत्नींना. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. त्याची पत्नी गॅब्रिएल हीसुद्धा केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचे पुसा ४, पुसा १२ हे गहू देशभर गेले. आणि त्यांनी तंबाखूही पुन्हा हाती घेतला. देशभरातून बी गोळा करून, शुद्ध वाण निवडून, १९१० साली त्यांनी हिंदी तंबाखूच्या सत्तरेक प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी अठ्ठाविसावा प्रकार सिगारेटसाठी चालण्याजोगा ठरला. बेग डनलॉप कंपनीला जे जमले नाही ते या दोघांना निदान कळले तरी. त्यांनी सुरुवात बाजारापासून केली नाही, झाडापासून केली.

हॉवर्डला मिळालेल्या पंच्याहत्तर एकरांत त्याने आणखी एक गोष्ट केली. शेजारच्या शेतकऱ्यांची शेती तो पाहत राहिला. हे शेतकरी आणि पिकांवरील किडी हेच आपले प्राध्यापक, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. शंभर वर्षांत या जमिनीवर आलेल्या साहेबांत कुंपणापलीकडे शिष्यभावाने पाहणारा हाच एक. पुढे पुशाच्या खातेनिहाय चौकटीत त्याचा जीव रमेना. १९२४ साली तो इंदूरला गेला. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर नवी संस्था उभी राहिली आणि शेतातील काडीकचरा, शेण, माती यांपासून खत करण्याची इंदूर पद्धत तेथे सिद्ध झाली. त्यावरील १९३१ सालच्या ग्रंथावर हॉवर्डच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीची चर्चा जगात जेथे जेथे होते तेथे या ग्रंथाचा उल्लेख होतो. वाडांचे नाव मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणी घेत नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी भर दुपारी बिहारची धरणी फाटली. हजारो माणसे मेली, शेतांतून वाळूचे फवारे उडाले, आणि नौलखा मोडकळीला आली. ती दुरुस्त करण्याऐवजी संस्थाच दिल्लीला हलवावी असे सरकारने ठरविले. मोठ्या शहरापासून आणि मुख्य रेल्वेमार्गापासून दूर असल्याची तक्रार जुनीच होती. भूकंप हे निमित्त झाले. आधीच उद्ध्वस्त झालेल्या बिहारला हा निर्णय झोंबला. नोव्हेंबर १९३६ मध्ये लॉर्ड लिनलिथगोच्या हस्ते दिल्लीतील इमारतीचे उद्घाटन झाले. ग्रंथ गेले, उपकरणे गेली, गावाचे नावही गेले. नव्या वाणांना न्यू पुसा म्हणून एन.पी. ही अक्षरे लागू लागली. बेंजामिन पीअरी पाल हे तरुण शास्त्रज्ञ बिहारमधील पुशाला १९३३ साली रुजू झाले होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली निघालेला, तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा एन.पी. ८०९ हा गहू १९५४ साली दिल्लीहून प्रसृत झाला. पुढे साठीच्या दशकात बुटक्या गव्हांच्या चाचण्या झाल्या आणि हरित क्रांती घडली ती याच दिल्लीच्या पुशात. बिहारमध्ये एक लहानसे उपकेंद्र उरले.

गावाकडे काही परत यायला १९७० साल उजाडावे लागले. त्या वर्षी जुन्या जागेवर राजेंद्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१६ साली ते केंद्रीय विद्यापीठ झाले. तंबाखूनेही पुसा पुरते सोडले नव्हते. खाण्याच्या आणि हुक्क्याच्या तंबाखूसाठी १९५० साली तेथे एक संशोधन केंद्र निघाले, म्हणजे बेग डनलॉप कंपनीने ज्या मालाकडे पाठ फिरविली होती, त्याच मालाचा अभ्यास करण्यासाठी. या पिकाचे दुसरे अंगही लपलेले नाही. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग बिहारला चांगला परिचयाचा आहे, आणि ज्या शेतकऱ्याने चार पिढ्या या पिकावर घर चालविले त्याला ते सोडून दुसरे काय लावावे हे सांगण्याचे काम आता शेतकी शास्त्रज्ञांकडे आले आहे.

विद्यापीठाच्या आवाराबाहेर समस्तीपूरच्या वाटेवर माघ-फाल्गुनात आजही तंबाखूची शेते दिसतात. तोडलेली पाने ओळीने जमिनीवर पसरलेली असतात, आणि दव सुकण्याच्या आत ती उचलण्यासाठी घरची माणसे पहाटेच शेतात आलेली असतात.